एका रुग्णाच्या अनेक साक्षी

मधुमेहाचा एखादा जुना रुग्ण जिल्हा रुग्णालयात येतो, तेव्हा त्याच्याविषयीची माहिती पाच-सहा ठिकाणी विखुरलेली असते. केसपेपरवर निवासी डॉक्टरने घाईत लिहिलेल्या चार ओळी, लॅबमधून आलेले साखरेचे आणि क्रिएटिनिनचे आकडे, ईसीजीची पट्टी, छातीचा एक्स-रे, डोळ्याच्या पडद्याचा फोटो आणि पिशवीच्या तळाशी घडी घालून ठेवलेले मागच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड. अनुभवी डॉक्टर हे सगळे एकत्र वाचतो आणि मगच बोलतो. गेल्या काही वर्षांत संगणकही असे वाचन करू लागला आहे. चित्र, मजकूर, आकडे आणि लहरी एकाच वेळी हाताळणाऱ्या या तंत्राला मल्टिमोडल एआय म्हणतात. वैद्यकात त्याचे आकर्षण मोठे आहे, कारण वैद्यकातली माहिती मुळातच अशी अनेकरंगी असते.

हे तंत्र शिकण्याची ओढ आपल्याकडेही वाढते आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, वैद्यकीय महाविद्यालयांतले निवासी डॉक्टर, फार्मसी आणि जैवतंत्रज्ञानाचे पदवीधर कार्यशाळांना गर्दी करतात. या कार्यशाळांचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आधीच लिहिलेला प्रोग्राम उघडायचा, एकेक चौकट चालवत जायची, शेवटी अचूकतेचा आकडा पडद्यावर पाहायचा. याला ‘प्रत्यक्ष शिक्षण’ म्हटले जाते, पण माझ्या मते ते प्रत्यक्ष नाही. बटण दाबणारा हात आणि शिकणारा हात यांत फरक आहे. या विषयात हाताने शिकणे म्हणजे माहितीचा प्रत्येक प्रवाह वेगळा काढून तो कुठे उगम पावला, कोणी नोंदवला आणि कशासाठी नोंदवला हे स्वतः तपासणे. म्हणून माझे म्हणणे असे, की प्रवाह जोडायला शिकवण्याआधी ते वेगळे करायला शिकवले पाहिजे. आज नेमका याच्या उलटा क्रम चालला आहे.

हा आग्रह का, ते एका साध्या तुलनेने सांगतो. न्यायालयात दोन साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली की खटल्याला बळ येते. मात्र दुसऱ्याने स्वतः काही न पाहता पहिल्याकडून ऐकलेलेच सांगितले असेल, तर साक्षी दोन दिसल्या तरी वजन एकाचेच. चांगला वकील म्हणून आधी विचारतो : तुम्ही हे स्वतः पाहिले का? मल्टिमोडल एआयचा सगळा युक्तिवाद साक्षीदारांच्या संख्येवर उभा आहे. एक्स-रे असेच म्हणतो, रिपोर्टही असेच म्हणतो, लॅबचे आकडेही तेच सांगतात, म्हणून निष्कर्ष भक्कम. पण रुग्णालयात तयार होणाऱ्या माहितीत पूर्णपणे स्वतंत्र साक्षीदार फार थोडे असतात. बहुतेकांनी एकमेकांचे ऐकलेले असते.

छातीच्या एक्स-रेचेच पाहा. रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट त्याच फिल्मकडे पाहून लिहिलेला असतो. शिवाय रेडिओलॉजिस्टच्या समोर तपासणीची चिठ्ठी असते आणि तिच्यावर वॉर्डातल्या डॉक्टरने ‘ताप, खोकला, क्षयरोग?’ असे लिहिलेले असते. म्हणजे रिपोर्टात फिल्मही आहे आणि वॉर्डातला संशयही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2017 साली छातीच्या एक्स-रेंचा एक प्रचंड संग्रह खुला केला. त्यात 30,805 रुग्णांच्या 1,12,120 प्रतिमा आहेत. प्रतिमांना आजारांची लेबले आहेत, पण ती लेबले कोणी प्रतिमा पाहून लावलेली नाहीत. रेडिओलॉजिस्टांच्या रिपोर्टांमधून ती संगणकाने वेचून काढली आहेत. या संग्रहावर मॉडेल शिकवणारा विद्यार्थी ‘प्रतिमेवरून आजार ओळखला’ असे म्हणतो. प्रत्यक्षात त्याने प्रतिमेवरून रिपोर्टातल्या शब्दांचा अंदाज केलेला असतो. हा फरक बारीक वाटतो, पण तो हाती आल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही.

याच संग्रहातल्या एका आजाराची तपासणी फार बोलकी आहे. फुफ्फुसाभोवती हवा साचली की फुफ्फुस दबते. त्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. उपचार म्हणून छातीत नळी घालतात. ऑस्ट्रेलियातले रेडिओलॉजिस्ट ल्यूक ओकडेन-रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार असलेल्या प्रतिमा पुन्हा डोळ्यांनी पाहिल्या, तेव्हा चाचणीसाठी ठेवलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के प्रतिमांत ती नळी आधीच दिसत होती. मग त्यांनी मॉडेलची कामगिरी दोन भागांत मोजली. 1 म्हणजे निर्दोष आणि 0.5 म्हणजे निव्वळ नशीब असे जे माप वापरतात, त्यावर नळी असलेल्या प्रतिमांत मॉडेलला 0.94 मिळाले आणि नळी नसलेल्यांत 0.77. आजार ओळखण्याची खरी गरज ज्या रुग्णाला असते त्याच्या छातीत अजून नळी पडलेली नसते. नेमक्या त्याच रुग्णाच्या बाबतीत मॉडेल कमी पडत होते. हे कळले, कारण एका जाणकाराने प्रतिमा एकेक करून पाहिल्या.

दुसरे उदाहरण 2018 सालचे. जॉन झेक आणि सहकाऱ्यांनी न्यूमोनिया ओळखणारे मॉडेल तीन रुग्णालय-व्यवस्थांच्या एक्स-रेंवर तपासले. एका ठिकाणी शिकलेले मॉडेल दुसरीकडे ढेपाळत होते. शोध घेतल्यावर दिसले, की एक्स-रे कोणत्या रुग्णालयाचा आहे हे मॉडेल जवळजवळ बिनचूक ओळखू शकते. न्यूयॉर्कच्या माउंट सिनायच्या संग्रहात न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे 34 टक्के होते, तर राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संग्रहात जेमतेम 1.2 टक्के. अशा वेळी फुफ्फुसाकडे फारसे न पाहता, फिल्म कुठली आहे एवढे ओळखूनही चांगले गुण मिळतात. करोनाच्या काळात छातीच्या एक्स-रे आणि सीटीवरून कोविड ओळखणाऱ्या मॉडेलांचे पीक आले. केंब्रिजच्या संशोधकांनी 2021 मध्ये त्यांतले 62 अभ्यास बारकाईने तपासले आणि त्यांपैकी एकही रुग्णोपचारात वापरण्याजोगा नाही असा निष्कर्ष काढला. हे अभ्यास करणारे हुशार होते, मेहनती होते. माहितीच्या उगमाकडे जायला मात्र बहुतेकांना सवड झाली नव्हती.

हे सगळे एकाच माध्यमाचे झाले. दुसरे माध्यम जोडल्यावर गुंता वाढतो. बॉस्टनमधल्या दोन रुग्णालयांच्या नोंदींवर 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. त्यात 174 प्रकारच्या लॅब-तपासण्यांच्या बाबतीत एक तुलना केली होती. तपासणीत काय आकडा आला यापेक्षा ती कधी केली, कोणत्या वेळी केली, आधीच्या तपासणीनंतर किती लवकर केली, यावरून तीन वर्षांनी रुग्ण जिवंत असेल का याचा अंदाज 118 तपासण्यांच्या बाबतीत अधिक चांगला करता आला. विचार केला तर यात नवल नाही. पहाटे तीन वाजता रक्त काढायला लावले, याचाच अर्थ रात्रपाळीच्या डॉक्टरला काहीतरी खटकले होते. म्हणजे लॅबच्या रकान्यात रक्ताइतकीच डॉक्टरची काळजीही नोंदली गेलेली असते. मॉडेल जेव्हा ‘लॅबच्या आकड्यांवरून’ धोका ओळखते, तेव्हा ते कदाचित डॉक्टरला आधीच कळलेले त्यालाच परत सांगत असते. जिथे डॉक्टर तेवढे नाहीत, तपासण्या तेवढ्या होत नाहीत, तिथे हा साक्षीदार गप्प बसतो. आपल्या ग्रामीण रुग्णालयांच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक आहे.

कधी उलटही होते. आपण ज्याला वेगळा साक्षीदार समजून बोलावतो, त्याची साक्ष आधीच झालेली असते. गुगलच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले, की डोळ्याच्या पडद्याच्या फोटोवरून रुग्णाचे वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने सांगता येते आणि तो पुरुष आहे की स्त्री हेही मोठ्या खात्रीने ओळखता येते. नेत्रतज्ज्ञ असे काही फोटोत पाहत नाहीत. मग फोटोला वय आणि लिंग यांचे रकाने जोडून मॉडेल ‘मल्टिमोडल’ केले, तर नवे काय मिळाले? कदाचित थोडे, कदाचित काहीच नाही. हे तर्काने ठरत नाही. रकाना काढून, परत घालून, मोजूनच ठरते.

म्हणून मी ज्या शिक्षणाचा आग्रह धरतो त्याचा पहिला धडा काढून घेण्याचा आहे. त्यासाठी महागडी यंत्रसामग्री लागत नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने छातीच्या 7,470 प्रतिमा आणि त्यांचे 3,955 रिपोर्ट खुले ठेवले आहेत. विद्यार्थ्याने आधी मॉडेलचे नाव काढू नये. शंभरेक रिपोर्ट कागद-पेन घेऊन वाचावेत. त्याला लगेच काही गोष्टी दिसतील. बहुतेक वाक्ये काय नाही हे सांगणारी असतात : पाणी नाही, न्यूमोथोरॅक्स नाही, हृदयाचा आकार वाढलेला नाही. नुसता आजाराचा शब्द शोधणारा प्रोग्राम इथे प्रत्येक निरोग्याला आजारी ठरवील. काही ठिकाणी वाक्याच्या मध्येच इंग्रजी एक्स या अक्षराच्या रांगा दिसतील. रुग्णाची ओळख पुसताना शब्द गाळले गेले त्याच्या त्या खुणा आहेत. या रिपोर्टांवर शिकलेले मॉडेल पुढे स्वतःही तशाच रांगा लिहू लागते. वाचनात घालवलेली एक दुपार जे शिकवते, ते कोणत्याही व्याख्यानात सापडणार नाही.

मग दुसरी पायरी. फक्त मजकुरावर एक साधे मॉडेल बनवावे, फक्त प्रतिमेवर दुसरे, आणि शेवटी दोन्ही जोडून तिसरे. तिघांचे गुण शेजारी शेजारी मांडावेत. नंतर जोडलेल्या मॉडेलला मुद्दाम चुकीची जोडी द्यावी : एका रुग्णाची फिल्म, दुसऱ्याचा मजकूर. उत्तर बदलले नाही, तर मॉडेल एका माध्यमाकडे बघतच नाही हे उघड होईल. प्रश्न विचारून प्रतिमेवरून उत्तर मागणाऱ्या मॉडेलांत हा दोष जुना आहे. रोजच्या छायाचित्रांवर बनवलेल्या अशा एका प्रसिद्ध प्रश्नसंचात ‘कोणता खेळ’ असे सुरू होणाऱ्या प्रश्नांना डोळे मिटून ‘टेनिस’ म्हटले, तरी 41 टक्के उत्तरे बरोबर येत होती. वैद्यकातल्या प्रश्नसंचांत अशी डोळे मिटून मिळणारी उत्तरे किती, हे ज्याने स्वतः मोजले तो पुढे कोणत्याही जाहिरातीतल्या आकड्यापुढे लगेच मान झुकवणार नाही.

तिसरी पायरी म्हणजे जोडणी कशी होते ते आतून पाहणे. आज गाजलेल्या बहुतेक पद्धतींच्या मुळाशी एक सुंदर कल्पना आहे. प्रतिमा आणि तिचे वर्णन यांना आकड्यांच्या एकाच अवकाशात ठेवायचे. खऱ्या जोड्या जवळ ओढायच्या आणि बाकीच्या दूर ढकलायच्या. ओपनएआयच्या 2021 सालच्या ‘क्लिप’ या मॉडेलने 40 कोटी जोड्यांवर हे करून दाखवले आणि ही पद्धत जगभर गेली. त्याआधी, 2020 मध्येच, स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ‘कॉनव्हर्ट’ नावाने ती वैद्यकीय प्रतिमा आणि रिपोर्ट यांच्यासाठी मांडली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ‘क्लिप’च्या कर्त्यांनी स्वतः हे ऋण मान्य केले आहे. आता ही पद्धत एक्स-रेवर हाताने चालवून पाहा. बत्तीस फिल्म घेतल्या आणि त्यांतल्या वीस निर्दोष असल्या, तर त्या वीसही रिपोर्टांत जवळपास तेच लिहिलेले असते. आपण मात्र मॉडेलला सांगत असतो, की पहिल्या रुग्णाची निर्दोष फिल्म आणि दुसऱ्याचा ‘निर्दोष’ हा रिपोर्ट यांना एकमेकांपासून दूर ढकल. वैद्यकीय दृष्टीने ही आज्ञाच चुकीची आहे. 2022 मधल्या ‘मेडक्लिप’ने या दोषावर उपाय सुचवला. ज्याने स्वतःच्या हाताने त्या बत्तीस जोड्या मांडल्या, त्याला तो दोष शोधनिबंध न वाचताही दिसू शकतो.

रिपोर्ट स्वतः लिहिणाऱ्या मॉडेलांची कथाही अशीच आहे. रेडिओलॉजिस्ट अनेकदा लिहितात, ‘मागच्या फिल्मच्या तुलनेत सुधारणा’. मॉडेलला मात्र एकच फिल्म दाखवलेली असते. तरीही ते शिकवल्याप्रमाणे ‘मागच्या तुलनेत बदल नाही’ असे बेधडक लिहून मोकळे होते. कधी न पाहिलेल्या फिल्मचा हा हवाला आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2022 मध्ये हा दोष नेमका दाखवला आणि शिकवायच्या रिपोर्टांतूनच असे उल्लेख काढून टाकून तो कमी केला. यातला धडा माहितीच्या काळाविषयी आहे. प्रत्येक माध्यमाचा काळ वेगळा असतो. एक्स-रे हा क्षण आहे. ईसीजी साधारण दहा सेकंदांचा. एचबीए1सी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची गोळाबेरीज सांगते. जनुके जन्मभराची. डिस्चार्ज कार्ड तर सगळे घडून गेल्यावर लिहिलेले असते. त्या कार्डातला मजकूर वापरून ‘दाखल होताना’चा धोका सांगणारे मॉडेल कागदावर अप्रतिम चालते, कारण त्याने उत्तरपत्रिका आधीच वाचलेली असते. माहितीची कालरेषा कागदावर हाताने काढली तर ही चूक लगेच सापडते. तयार फाइल उघडून काम करणाऱ्याला ती वर्षानुवर्षे सापडत नाही.

काही कामे याहून साधी आहेत, आणि त्यांत हात घातल्याशिवाय गत्यंतर नाही. सीटीच्या प्रतिमेत पाण्याला 0 आणि हवेला उणे 1000 अशी मोजपट्टी असते. तिच्यावरच्या हजारो पायऱ्या पडद्याच्या 256 छटांत बसवताना फुफ्फुसासाठी वेगळी खिडकी लावावी लागते आणि यकृतासाठी वेगळी. चुकीच्या खिडकीतून काढलेल्या चित्रात गाठ नाहीशी होते आणि मॉडेल त्याबद्दल काही बोलत नाही. काही एक्स-रे फाइलींत मोठा आकडा म्हणजे पांढरा असतो, काहींत काळा. ते कुठले, हे फाइलीच्या शीर्षनोंदीत लिहिलेले असते आणि तिथे पाहावेच लागते. आपल्याकडच्या लॅबमध्ये उपाशीपोटी साखर 126 लिहिली जाते तिथे ब्रिटनमध्ये 7 लिहितात. एकके वेगळी, अर्थ एकच. दोन देशांच्या नोंदी एकत्र करणाऱ्याने हे विसरले, तर मॉडेलच्या लेखी एका देशातले सगळे मधुमेही मरणाच्या दारात असतील. आणि एकाच रुग्णाच्या तीन-चार फिल्म असताना त्या यादृच्छिकपणे वाटल्या, तर तोच माणूस शिकवण्याच्या गटातही येतो आणि परीक्षेच्या गटातही. वाटणी रुग्णांची करायची, फिल्मची नाही, हा नियम पाठ करून लक्षात राहत नाही. स्वतःचे फुगलेले गुण वाटणी बदलल्यावर खाली येताना पाहिले, की तो कायमचा लक्षात राहतो.

इथवरची उदाहरणे बहुतेक अमेरिकेतली आहेत, कारण खुली माहिती तिथे अधिक आहे. पण या क्षेत्रातले एक मोलाचे काम मराठवाड्यात झाले आहे आणि ते आपल्याला अभिमानाने सांगता आले पाहिजे. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी शहरातल्याच एका नेत्रचिकित्सालयातल्या रुग्णांच्या पडद्याच्या फोटोंमधून ‘इंडियन डायबेटिक रेटिनोपथी इमेज डेटासेट’ तयार केला. 516 फोटो, प्रत्येकावर आजाराची पायरी, आणि त्यांतल्या 81 फोटोंवर सूक्ष्म फुगवटे, रक्तस्राव आणि चरबीचे साठे नेमके कुठे आहेत याच्या बिंदूबिंदूने केलेल्या खुणा. 2018 साली त्यावर आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत हा संग्रह वापरला जातो. पुढे 2021 मध्ये तिथूनच 3,200 फोटोंचा आणि 46 नेत्रविकारांचा दुसरा संग्रह आला. आकड्याने 516 ही संख्या लहान आहे. पण 81 फोटोंवर बिंदूबिंदूने खुणा करताना नेत्रतज्ज्ञ आणि अभियंता शेजारी बसतात, हा फुगवटा की धूळ यावर वाद घालतात, पुन्हा पाहतात. हाताने शिकण्याची याहून वरची पायरी मला ठाऊक नाही. माहिती वापरणारा जेवढे शिकतो त्याच्या कितीतरी पट माहिती घडवणारा शिकतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. आधी ज्ञान आणि मग सराव म्हणून हातकाम, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. हातकामातूनच ज्ञान उगवते, असे त्यांचे म्हणणे होते. ती योजना चरख्यासाठी आणि शेतीसाठी होती, एआयसाठी नव्हती. तरी तिचे तत्त्व इथे चपखल लागू पडते. फोटोवर खूण करणे हे हलके काम आणि मॉडेल रचणे हे बुद्धीचे काम, अशी उतरंड आपण नकळत मांडली आहे. वैद्यकीय एआयमधल्या ज्या मोठ्या फसगती वर सांगितल्या, त्या सगळ्या या ‘हलक्या’ मानलेल्या कामाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे झाल्या आहेत.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. आता प्रचंड पायाभूत मॉडेले तयार मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘बायोमेडक्लिप’ला संशोधन-लेखांमधल्या दीड कोटी चित्र-मथळ्यांच्या जोड्यांवर घडवले आहे. गुगलने ‘मेडजेम्मा’ खुले केले आहे, आणि त्याची लहान आवृत्ती माफक संगणकावरही चालते. मग विद्यार्थ्याने खिडक्या आणि एकके यांत वेळ का घालवावा? माझे उत्तर असे, की मॉडेल तयार मिळाले तरी ते आपल्या रुग्णांवर कसे चालते याचे उत्तर तयार मिळत नाही. थायलंडच्या दवाखान्यांत गुगलचेच डोळ्याचे मॉडेल वापरून पाहिले तेव्हा 1,838 फोटोंपैकी 21 टक्के फोटो त्याने तपासण्यालायक नाहीत म्हणून परत केले. परिचारिका पूर्ण अंधार नसलेल्या खोल्यांत फोटो काढत होत्या. प्रयोगशाळेत कोणी तशा खोलीचा विचार केला नव्हता. आपल्याकडे विदर्भातल्या अनेक आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए1सीचा आकडा खऱ्या साखरेपेक्षा कमी दिसू शकतो. जिथे असे रुग्ण तुरळक, अशा ठिकाणी घडलेल्या मॉडेलला ही साक्ष कच्ची आहे हे कसे कळणार? ते गडचिरोलीत काम करणाऱ्यालाच कळणार, आणि तेही त्याला मॉडेल उघडून तपासता आले तरच. पायाभूत मॉडेले जेवढी मोठी होतील, तेवढी अशा स्थानिक तपासनिसांची गरज वाढेल.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे आणि म्हणून अधिक आदराने घ्यायला हवा. जिथे रेडिओलॉजिस्ट नाही, तिथे क्षयरोग पसरतो आहे. इतकी चिकित्सा करत बसलो तर माणसे वाट पाहून मरतील. हे खरे आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2021 मध्ये 15 वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीसाठी एक्स-रे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली. मुंबईतल्या कंपन्या आणि संस्थाही या कामात आहेत. पण त्या मान्यतेबरोबर एक गोष्ट स्पष्ट सांगितली गेली, की कोणत्या गुणांच्या वर संशयित मानायचे ही रेषा प्रत्येक ठिकाणी तिथल्या लोकसंख्येनुसार ठरवावी लागते. ज्यांना पूर्वी क्षयरोग होऊन गेला त्यांच्या फुफ्फुसावरचे जुने व्रण सॉफ्टवेअरला आजार वाटू शकतात. रेषा खाली ओढली तर थुंकीच्या तपासणीचा भार लॅबला पेलत नाही, वर ओढली तर रुग्ण निसटतात. ती ओढण्यासाठी एक्स-रेचे गुण आणि थुंकीच्या सीबीनॅट चाचणीचा निकाल शेजारी मांडणारा माणूस जिल्ह्यात हवा. घाई असेल तर असे हात लवकर तयार करावे लागतील. घाई हे ते टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

मग करायचे काय? महाराष्ट्रात अडचण बुद्धीची नाही, रचनेची आहे. 1998 पासून वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आहेत आणि अभियांत्रिकीची इतर विद्यापीठांखाली. एकाच शहरातले हे दोन विद्यार्थी एकाच बसने जातात, पण एका बाकावर कधी बसत नाहीत. पहिली गरज आहे सामाईक श्रेयांकांच्या प्रकल्पाची. त्यात अभियंत्याने काही आठवडे रेडिओलॉजी विभागात, लॅबमध्ये आणि नोंदणीच्या खिडकीवर बसावे, आणि निवासी डॉक्टरने स्वतः छोटे मॉडेल घडवून त्यातला रकाना काढून-घालून पाहावा. दुसरी गरज आहे आपल्या स्वतःच्या, लहान पण काळजीपूर्वक घडवलेल्या संग्रहांची. नांदेडने वाट दाखवली आहे. मराठीत रुग्णाने सांगितलेली हकिकत, त्याची फिल्म आणि त्याचे आकडे एकत्र असलेली नोंद आज जवळपास कुठे नाही. केसपेपरवर येईपर्यंत त्या हकिकतीच्या दोन इंग्रजी संज्ञा उरतात. तिसरी गरज आहे मर्यादेच्या भानाची. 2023 सालचा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा आणि त्याच वर्षीची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एआयविषयक नैतिक मार्गदर्शक तत्त्वे पहिल्याच दिवशी शिकवली पाहिजेत. माध्यमे जितकी अधिक जोडली जातात तितका रुग्ण ओळखता येण्याचा धोका वाढतो. नुसता एक्स-रे निनावी राहू शकतो. एक्स-रे, गाव, वय, दुर्मीळ आजार आणि दाखल झाल्याची तारीख एकत्र आली, की निनावीपण संपते. तालुक्याच्या गावात तर लगेच संपते.

आणि परीक्षा बदलली पाहिजे. आज प्रकल्पाच्या शेवटी विद्यार्थ्याला विचारले जाते, तुमच्या मॉडेलची अचूकता किती? त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. तुमचे मॉडेल कोणत्या साक्षीवर सर्वाधिक विसंबते आणि ती काढून घेतल्यावर काय उरते? ती साक्ष देणारी नोंद कोणी, कधी आणि कशासाठी केली होती? कोणत्या रुग्णाच्या बाबतीत तुम्ही हे मॉडेल वापरू देणार नाही? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला नेमके देता येते, त्याला हे तंत्र हाताने येते. ज्याला देता येत नाही, त्याच्याकडे प्रमाणपत्र कितीही मोठ्या संस्थेचे असले तरी रुग्णालयाची चावी त्याच्या हाती देऊ नये. उपचाराचा निर्णय चुकला तर त्याची किंमत प्रोग्राम मोजत नाही, रुग्ण मोजतो. त्या रुग्णाच्या प्रत्येक साक्षीची उलटतपासणी करू शकणारी पिढी घडवणे, हेच या विषयाच्या शिक्षणाचे काम आहे.